बाळाच्या लसीच्या दिवशी त्याचे दातही कुणीतरी पाहावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी तोंडावर आली आहे. घरोघरी नेवऱ्या, मोदक, लाडवांचे डबे भरतील आणि 'खाऊ दे गं, सणाचं आहे' म्हणत आपण ते दीड-दोन वर्षांच्या पोरांच्याही हातात देऊ. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती रात्री जे होतं त्याला. पोर झोपेला आलेलं, आई दिवसभराची दमलेली, ब्रश दिसला की 'नाका, नाका' (नको, नको) सुरू, आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस निकाल देऊन मोकळं होतं, 'राहू दे आज. दुधाचेच दात ते, पडणारच आहेत.' हा निकाल देण्यात आम्ही आज्या सर्वांत पुढे असतो, म्हणून त्यावर एका आजीनेच लिहिलेलं बरं.

पडणार आहेत हे खरं, पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर आणि दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षी. म्हणजे दुसऱ्या वर्षी आलेल्या दाढेला आठ-दहा वर्षं काम करायचं असतं. ती किडून आधीच काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच उरत नाही. पुढे दात वेडेवाकडे आले की आपण नशिबाला बोल लावतो. आणखी एक गंमत म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली कायमची दाढ येते ती कोणताही दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप. तिलाही घरचे दुधाचीच समजतात.

कीड बहुधा वरच्या पुढच्या दातांपासून लागते. दुधाची बाटली तोंडात ठेवूनच पोर झोपतं. झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले असल्याने वाचतात, वरचे सापडतात. सुरुवातीला काळं काही दिसत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते, तीही ओठ वर केला तरच. त्या वेळी लक्ष दिलं तर कीड तिथल्या तिथे थांबवता येते. शिवाय चहात बुडवलेलं बिस्कीट आहे, खोकल्याचं गोड औषध आहे. रात्रीचं औषध दात घासण्याआधी द्यावं, नंतर नव्हे, एवढं जरी घराघरांत पाळलं तरी पुष्कळ झालं.

आता पोर घासूच देत नाही त्याचं काय? एक तर त्याला विचारायचंच नाही. 'दात घासूया?' म्हटलं की 'नाका'च येणार, त्या वयाचं ते लाडकं उत्तर आहे. 'लाल ब्रश की निळा?' एवढंच विचारावं. आमच्या नातीला दोन्ही हवे असतात. मग एक तिच्या हातात, एक माझ्या. 'हांव करतां' (मी करते) म्हणत ती आपला ब्रश चावत बसते. बसू दे. ते तिचं खेळणं, खरं घासणं माझं. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मुलांचा हात ब्रशवर नीट वळत नाही, तोवर हे काम मोठ्यांचंच.

बेसिनपाशी स्टुलावर उभं करून समोरून ब्रश घालायला गेलं की पोर मान मागे टाकतं आणि आपल्याला वरचे दात दिसतही नाहीत. मी चटईवर पाय पसरून बसते आणि तिला उताणी निजवते, डोकं माझ्या मांड्यांवर, दिव्याचा उजेड तोंडावर. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ हलकेच उचलायचा. ओठाच्या आत मधोमध हिरडीला जोडणारी जी बारीक दोरी असते, तिच्यावर ते बोट आडवं ठेवायचं. ब्रश तिला लागला की दुखतं, आणि बऱ्याच मुलांचं रडणं तिथूनच सुरू होतं. मग हिरडीलगत ब्रश टेकवून छोटे छोटे गोल, जोर न लावता. घासता घासता मी आज काय जेवलीस ते शोधते. 'हे बघ शीत सापडलं! बांगडा कुठे पळाला? मागच्या दाढेत लपलाय वाटतं!' बांगडा सापडावा म्हणून ती आपणहून मोठा आ करते. घरात दोघं असतील तर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसावं, पोराचं डोकं एकाच्या मांडीवर आणि पाय दुसऱ्याच्या कमरेशी. एखाद्या दिवशी फारच आकांत झाला तर झटापट करू नये, वरचे पुढचे दात तेवढे उरकून सोडून द्यावं. हे सगळं जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झोप यायच्या आत करावं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. 'डॉक्टर दात उपटील हं' ही धमकी मात्र बंद करा. पुढे त्याच डॉक्टरकडे न्यायचं असतं, तेव्हा पोराला आवरताना कोण दमतं ते कळेल.

पेस्टच्या बाबतीत दुकानात गोंधळ फार. मुलांची म्हणून चित्रं काढलेल्या ट्यूब मिळतात, त्यांतल्या काहींत कीड रोखणारं फ्लोराइड नसतंच, काहींत कमी असतं. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, आहे. ट्यूबवर किती ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं, चष्मा लावून वाचावं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ मध्ये आपला सल्ला बदलला आणि पहिला दात येताच फ्लोराइडची पेस्ट वापरा असं सांगितलं. मात्र तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. दाणा कच्च्या तांदळाचा बरं का, आपल्या उकड्या तांदळाच्या फुगलेल्या शिताएवढी नव्हे! तेवढी पेस्ट गिळली तरी पोटात जाणारं फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. आमच्या लहानपणी आंब्याचं पान घडी करून दात घासायचे आणि त्याच्याच शिरेने जीभ खरवडायची. ती आठवण काढून नातवंडाला पान द्यायला निघालेल्यांना एवढंच सांगते, की तेव्हा घरात आजच्यासारखे बिस्किटांचे पुडे नव्हते.

हे सगळं घरात सांगायचं कुणी, आणि कधी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या तपासणीत दातांचे विकारही येतात, आणि पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जायचं असतं. योजना चांगलीच आहे. पण आई वेर्ण्याला नाहीतर पणजीला कामाला, पोर आजीकडे. पथकाच्या दिवशी ते अंगणवाडीत असेलच असं नाही. लसीला मात्र ते जातंच. नऊ महिने झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत त्याचा दुसरा डोस व डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. पहिल्या दाढाही याच सुमाराला येत असतात. नातीला घेऊन मी गेले तेव्हा वजन झालं, सुई झाली, ताप आला तर काय द्यायचं तेही नीट सांगितलं. दातांचं नाव कुणी काढलं नाही. मी विचारलं तर हसून तेच उत्तर, पडणारच आहेत ते.

माझी मागणी मोठी नाही. सुई टोचण्याआधी (नंतर तोंड कोण उघडणार?) परिचारिकेने बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावं. पांढरी रेघ किंवा डाग दिसला तर दंतवैद्याकडे पाठवावं, नाही दिसला तर बरोबर आलेल्या माणसाला तांदळाचा दाणा आणि रात्रीचा ब्रश एवढं सांगावं. मिनिटभराचं काम. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांनी तालुक्यातालुक्यांत जाऊन परिचारिकांना काय पाहायचं ते एकदा दाखवलं, तर आरोग्य खात्याला वेगळी योजना आखायचीही गरज पडणार नाही. आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न आरोग्य संचालनालयाला विचारावा आणि येईल ते उत्तर छापावं, ही विनंती.

आपली,
फोंड्याची एक आजी
(नाव व पत्ता संपादकांकडे)