किल्ल्यांचा जुडगा

कोल्हापूर,
22 जानेवारी 2026

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नव्या फ्लॅटचं ब्रोशर मोबाईलवर बघून डोळे दुखायला लागले, म्हणून बाबांनी कोपऱ्यावरून रंगीत प्रिंट काढून आणली. सोळा पानं, 160 रुपये. पहिल्या पानावर रंकाळा, दुसऱ्यावर अंबाबाईच्या देवळाचं शिखर, तिसऱ्यावर पन्हाळा. फ्लॅट सातव्या पानावर आहे. 'परदेशस्थ कोल्हापूरकरांसाठी खास', 62 लाख, ताबा डिसेंबर 2028. फोनवर तू म्हणालीस, "आई, तिकडं आपलं काहीतरी असायला पाहिजे गं." मी "हं" म्हणाले, कारण तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. तो होकार धरू नकोस.

तू कॅनडाला गेल्यापासून आपल्या देवघराशेजारच्या खिळ्याला किल्ल्यांचा एक जुडगा लागलाय. चार फ्लॅटच्या किल्ल्या. दोन अमेरिकावाल्यांच्या, एक ऑस्ट्रेलियाची, एक पुण्याची (पुणेवाले सगळ्यांत कमी येतात). मी पोस्टाच्या आरडीच्या (दरमहा बचतीच्या) हप्त्यांसाठी घरोघर फिरतेच, तेव्हा "वहिनी, जरा बघाल का" असं म्हणत एकेकानं किल्ली हातात ठेवली. आता दर रविवारी सकाळी माझी फेरी असते. दार उघडलं की आधी मोरीचा वास येतो. जाळीखालचं पाणी वाळून जातं ना, मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट वर. म्हणून प्रत्येक जाळीत एक-एक तांब्या पाणी ओतायचं, नळ दोन मिनिटं सोडायचे, आधी तांबडं पाणी येतं ते जाऊ द्यायचं, खिडक्या उघडायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर मार्च 2020 वर थांबलंय. त्या घराचे हप्ते मात्र एकही महिना थांबलेले नाहीत, हे त्याच्या आईनंच मला सांगितलं. ती स्वतः राहते मुलीकडं सांगलीला, कारण एवढ्या घरात एकटीला करमत नाही.

आता आकडे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख 10 हजार. ते ब्रोशरमध्ये कुठंच नाही, मी दोनदा शोधलं. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणीचे 30 हजार, पार्किंग, सोसायटीचा डिपॉझिट. सत्तर लाखांना टेकतंय. 50 लाख कर्ज 8 टक्क्यांनी 20 वर्षं धरलं तर हप्ता 41,800 च्या आसपास. आणि भाडं? आपल्या गल्लीत तेवढा फ्लॅट 14 हजारांना जातो, तोही दिवाळीत रंग काढून दिला तर. तू परदेशात राहणार, म्हणजे भाडेकरूनं तुला भाडं देताना 31.2 टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. हे मी आपल्या मागच्या भाडेकरूला सांगितलं असतं तर त्यानं सामानच बांधलं असतं. उद्या विकायची वेळ आली तरी तेच. इथला माणूस 50 लाखांच्या वरचं घर विकतो तेव्हा घेणारा 1 टक्का कापतो. एनआरआयचं असेल तर कितीतरी जास्त कापावं लागतं, आणि कमी कापायचा दाखला हवा तर आयकर खात्याकडं अर्ज करत बसायचं. अमेरिकावाल्यांपैकी एकाचं गिऱ्हाईक एवढं ऐकूनच पळालं. किल्ली अजून माझ्याकडंच आहे.

शिवाय त्या नवव्या पानावर 'नदीदर्शन' असं लिहिलंय. अगं, पंचगंगेनं आपल्याला 2019 ला दर्शन दिलं आणि 2021 ला पुन्हा दिलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरीत कुंभार गल्लीत माझी सात खाती होती. त्या बायकांनी घरातून काय काय आधी काढलं असेल? गणपती, आणि पोस्टाची कार्डं. एकीनं कार्ड दुधाच्या पिशवीत घालून ब्लाऊजमध्ये खोचलं होतं. म्हणून मी त्या साइटचा नकाशा घेऊन विचारलं की पुराची निळी रेषा कुठनं जाते आणि लाल रेषा कुठनं. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, आम्ही भराव टाकलाय." भराव टाकला की पाणी शेजाऱ्याकडं जातं, एवढंच.

बाबांना तुझ्यासाठी फ्लॅट घ्यायचाच आहे. ते बोलणार नाहीत, पण प्रिंट त्यांनीच काढली. त्यांना मी 2009 ची आठवण करून दिली. दोन गुंठे, 100 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी, "पुढच्या वर्षी एनए (बिगरशेती) होतंय" अशी खात्री. आजही त्या सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव आहे आणि आपण तिथं दरवर्षी दसऱ्याला नारळ फोडून येतो. त्यावर ते गच्चीत गेले आणि तासभर झाडांना पाणी घालत बसले. कुंड्या पाचच आहेत.

पण खरं कारण वेगळंच आहे, ऋतू. तुझं वर्क परमिट ऑक्टोबर 2027 ला संपतंय आणि तू 20 वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायला निघालीस. पीआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, होईल असं तू म्हणतीस. होईलच, पण मीही आता वाचते. 2025 साठी कॅनडानं 5 लाख लोकांना पीआर देऊ म्हणून सांगितलं होतं, ते 3 लाख 95 हजारांवर आणलं. पीआरसाठी जे गुण मोजतात त्यांत नोकरीच्या ऑफरचे जे मिळायचे ते मार्च 2025 मध्ये काढूनच टाकले. आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुला तीस पूर्ण झाली की वयाचे पाच गुण जाणार. इथं लग्नाच्या बाजारात कमी होतात तसे तिथंही होतात, हे वाचून मला हसू आलं. (स्थळाचं बोलत नाहीये. फोन ठेवू नकोस.)

फ्रेंच येत असेल तर जादा गुण आहेत आणि त्या लोकांच्या निवडीची वेगळी फेरीही होते, कमी गुणांवर. हे तूच मला मागच्या वर्षी सांगितलं होतंस, आणि पुढं म्हणालीस की क्लासची फी परवडत नाही. बुकिंगला 2 लाख भरायची तयारी आहे आणि क्लासला नाही, हे कुठलं गणित? तुझे 2 लाख क्लासला आणि परीक्षेला घाल. बाकी पैसे हात घातला की निघतील असे ठेव. परमिट गेलं, नोकरी गेली, तर चार महिने तुझ्या त्या किचनर शहरात भाडं भरता आलं पाहिजे. बेसमेंटच्या खोलीला एवढं भाडं घेतात, हे तुझ्या आजीला मी अजून सांगितलेलं नाही.

तिथंच घर घ्यावं का, असंही तू मध्ये म्हणालीस. तुझ्या मावसभावाला विचार. त्यानं 2021 ला घेतलं तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा दर पाव टक्का होता. 2023 च्या जुलैत तो 5 टक्क्यांवर गेला. आता उतरलाय, पण तिथं पाच वर्षांनी कर्ज नव्या दरानं बांधून घ्यावं लागतं आणि त्याची पाच वर्षं याच वर्षी भरतात. मावशी हल्ली बँकेच्या व्याजदराच्या बातम्या मालिकेसारख्या बघते. मी तिथल्या घराला नको म्हणणार नाही. पीआर हातात आल्यावर घे.

दोन कामं मात्र लगेच कर. तुझं इथलं बचत खातं अजून साधंच आहे. ते एनआरओ, म्हणजे परदेशस्थांचं खातं, करून घे, नाहीतर एक दिवस बँकच गोठवेल. आणि तुझं पीपीएफ, जे तू अठराची झाल्यावर मी सप्टेंबर 2015 ला काढलं होतं, ते बंद करायची गरज नाही. एनआरआयला नवं काढता येत नाही, जुनं मुदतीपर्यंत चालतं. एप्रिल 2031 ला पिकेल, पुढं वाढवून मिळणार नाही. 7.1 टक्के, आणि इथं त्यावर कर नाही. वर्षाला 500 तरी पडले पाहिजेत. गेल्या वर्षीचे मी भरलेत.

राहिलं तुझं 'आपलं काहीतरी'. परदेशात राहणाऱ्याला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते. आजोबांच्या उसात तुझ्या वाटणीला येणारी जागा एखाद्या फ्लॅटपेक्षा मोठी आहे. धाकटे काका हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन दोनदा येऊन गेले. "पोरगी कॅनडाला गेली, तिला काय करायचंय" असं चहा पिता पिता म्हणाले. मी चहाबरोबर चिवडाही दिला आणि मसुदा ठेवून घेतला. तुझ्याकडं ईमेलनं आला तर सही करू नकोस. कुलमुखत्यारपत्र तर कुणालाच देऊ नकोस, बाबांनाही नको, ते भिडस्त आहेत.

कांदा-लसूण चटणी एक किलो, दोन पिशव्यांत सील करून, पुढच्या महिन्यात येणाऱ्या तुझ्या मैत्रिणीच्या आईकडं दिली आहे. तेल सुटलं तर वास सगळ्या बॅगेला लागेल, तिला आधीच सांगून ठेव.

ब्रोशर रद्दीत घातलं नाही. कागद जाड आहे, आरडीच्या कार्डांना छान पुठ्ठे झाले. कुंभार गल्लीतल्या एकीच्या कार्डाला रंकाळा आलाय, ती खूश.

आणि तो शनिवारी रात्री झोपायच्या आधी फोन करतीस ना, तो इथं रविवारी सकाळी दहाला वाजतो. तेव्हा मी दुसऱ्यांच्या मोऱ्यांत पाणी ओतत असते. इथल्या संध्याकाळी कर.

तुझी
आई