एसी 26 वर, पण पंखे कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ऑफिसात एप्रिलपासून वीजबचतीसाठी सगळे एसी 26 अंशांवर आणून ठेवले आहेत. रिमोट गोळा करून ॲडमिनच्या कपाटात, कुलुपात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. गेली कित्येक वर्षं भर मे महिन्यातही खुर्चीच्या पाठीला शाल अडकवून ठेवणारी बाई मीच. बाहेर वडोदऱ्याच्या अलकापुरीत 42 अंश आणि आत मी शाल गुंडाळून व्हाउचर तपासते आहे, हा शुद्ध वेडेपणा होता. ऑफिसातल्या गारव्याचं गणित एका चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगातली ऊष्णता धरून बसवलेलं आहे, असं नेदरलंड्समधल्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. ते वाचल्यावर आमच्या शालींचं कोडं सुटलं! तेव्हा 26 चा हुकूम आला, त्या दिवशी सगळ्यात खूश मीच होते.

पण माझं टेबल पश्चिमेच्या काचेला लागून आहे. दुपारी तीननंतर त्या काचेला हात लावून पाहावा, इस्त्रीच जणू. घरून थर्मामीटर आणून ठेवला. एसीच्या खाली 26, माझ्या टेबलावर 29. शिवाय काचेतून अंगावर येणारी झळ थर्मामीटरला धड कळतही नाही, ती डाव्या खांद्याला कळते. एसी मोजतो त्याच्या तोंडाशी येणारी हवा. माणसाला मात्र हवा, झळ, दमटपणा, वारा, अंगावरचे कपडे आणि चाललेलं काम हे सगळं मिळून उकडतं किंवा गार वाटतं. जपानने 2005 मध्ये ऑफिसं 28 अंशांवर नेली, ती कोट-टाय उतरवून. आमच्याकडे काउंटरवरच्या मुलांना टाय सक्तीचा आहे.

मुख्य दुखणं वाऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी नूतनीकरण झालं, फॉल्स सीलिंग आलं आणि छताचे पंखे भंगारात गेले. डोक्यावर पंखा असता तर 27-28 सुद्धा निभलं असतं. छताचा साधा पंखा 70-75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तर तीस-पस्तीस, आणि दीड टनाचा एसी दीड हजारांच्या आसपास. आता यात बचत कशात, हे सांगायला लेखापाल लागत नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतली ऑफिसं तपासून 2014 मध्ये खास भारतासाठी सुखावह तापमानाचा हिशेब मांडला. त्यात सोसवेल असं तापमान बाहेरच्या ऋतूप्रमाणे वरखाली होतं. आमच्याकडे एप्रिलचं कोरडं ऊन असो की जुलैचा चिकचिकाट, आकडा एकच.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आजी उन्हाळाभर दुपारी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायची. पाऊस सुरू झाला की तेच पडदे गुंडाळून माळ्यावर. दमट हवेत पाणी उडत नाही, मग गारवा कसला यायचा? आजी चौथी शिकलेली होती.

आता कामाचं. मे अखेरीला एका संध्याकाळी ताळा जुळेना. फरक 450. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे आमच्या धंद्यातलं बाळकडू. दुपारी चारच्या सुमारास, काचेला पाठ करून घाम पुसता पुसता, मीच 5,490 चे 5,940 केले होते. सापडेपर्यंत साडेसात वाजले. सहालाच एसी बंद होतात, आणि खिडक्या उघडत नाहीत, काच अखंड आहे. आम्ही चौघं, चार संगणक, हॉलभर दिवे, दीड तास. ही वीज कुठल्या बचतीत धरायची? शिपाईकाका दारात उभे राहून म्हणाले, "बेन, पंखो तो चालू करो!" वर पाहिलं तर पांढरं शुभ्र सीलिंग.

लेखी अर्ज दिला. पश्चिमेच्या काचांना जाड पडदे आणि निदान भिंतीवरचे पंखे, एवढंच मागितलं होतं. पंख्यांनी हॉलची शोभा जाते, असं तोंडी उत्तर मिळालं, पडद्यांचं कोणी बोललंच नाही. मग मी घरचा छोटा टेबलफॅन आणला. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक: ऊर्जाबचतीसाठी खाजगी विद्युत उपकरणं लावू नयेत. तो आता माझ्या टेबलाखाली कापडी पिशवीत आहे. साहेब जेवायला गेले की अर्धा तास बाहेर निघतो.

नाव छापू नये ही विनंती, साहेब आपलं वृत्तपत्र नेमाने वाचतात.

आपली,
एक लेखापाल, दांडिया बाजार, वडोदरा