पावणेतीन हजारांची उचल

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमावर एका वाचकाचं पत्र होतं. कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, हा विषय आता शिळा झालाय, त्यातली तक्त्यांची घोकंपट्टी परीक्षेपलीकडे कुणाच्या उपयोगाची नाही, तो काढून टाकावा, असं त्यांचं म्हणणं. घोकंपट्टीबद्दल ते बोलले ते शंभर टक्के पटलं. विषय काढून टाका म्हणाले, तिथं मात्र मी अडलो.

मी सांगलीत गेली २२ वर्षं हळदीच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. मार्केट यार्डाजवळ एक गाळा, तीन संगणक आणि हाताखाली दोन पोरं, एवढाच पसारा. कंपायलर मीही जन्मात लिहिला नाही. पण त्या विषयातला एक तुकडा, ज्याला पार्सर म्हणतात, तो २०१९ च्या हंगामात माझ्या गळ्यात पडला, आणि पडला तो अडीचशे रुपयांपायी.

पार्सर म्हणजे काय ते आधी सांगतो. आपण शाळेत वाक्यपृथक्करण केलेलं आहे. उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, हे विशेषण कुणाचं. तेच काम संगणकाला करायला लावलं की झाला पार्सर. समोर आलेली ओळ डावीकडून वाचत जायची आणि कोणता शब्द कुणाला जाऊन चिकटतो ते ठरवायचं.

आमच्याकडे एका दुकानात पासष्टीचे दिवाणजी आहेत. सौदा चालू असताना ते उभ्या उभ्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतात: "राजापुरी सात पोती सव्वातीन क्विंटल दर साडेतेरा उचल पावणेतीन हजार". स्वल्पविराम नाही, आकडे नाहीत. मी त्यांना मोबाइलवर रकाने करून दिले होते. त्यांनी एक दिवस भरले आणि सांगितलं, "हे भरत बसलो तर सौदा दुसऱ्याच्या पदरात. तुमच्या यंत्राला माझं वाचायला शिकवा." मालकांनी मान हलवली. म्हणजे शिकवणं आलं.

पहिला प्रयत्न मी केला तो सगळेच करतात तसा, रेग्युलर एक्स्प्रेशननं. म्हणजे ओळीत ठरावीक नमुना सापडतो का ते बघायचं. एक ते नव्व्याण्णव शब्दांची यादी केली, शे-हजार-लाख यांची केली, दिलं सोडून. चौथ्या दिवशी मिरजेकडचे एक शेतकरी हिशेबपट्टी घेऊन उभे. "उचल पावणेतीन हजार घेतलीती, हितं तीन हजार वजा. अडीचशे रुपयं गेलं कुठं वो?" प्रोग्रामला 'तीन' सापडलं, 'हजार' सापडलं, 'पावणे' त्याच्या गावी नव्हतं. दुकानानं अडीचशे जागच्या जागी दिले. मालक मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग यादीत पावणे, सव्वा, साडे जोडून ठिगळं लावली. पंधरा दिवसांनी दिवाणजींचा निरोप आला: "पावसानं साडेसाती लावलीय माल उद्या". प्रोग्रामनं साडेसात क्विंटल आवक धरली. हसू नका. शब्द जिथं संपतो तिथंच थांबायचं, अशी खूण मी नमुन्यात घातलेली होती. पण मी ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो त्या पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या लेखी आपल्या काना-वेलांट्या शब्दाचा भागच नाहीत. 'साडेसाती'मधल्या त नंतर दीर्घ वेलांटी आली, त्याला वाटलं शब्द संपला. तीच भाषा '२७५' हा देवनागरी आकडा मात्र बिनतक्रार पावणेतीनशे म्हणून घेते. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं.

त्याच सुमारास नवीन लागलेला मुलगा म्हणाला, "सर, याचं ग्रामर लिहू आणि टूलला देऊ." हे टूल म्हणजे याक किंवा त्याची भावंडं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात याक केलं. त्याच्या जोडीचं, ओळीचे शब्द पाडून देणारं लेक्स केलं माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी, हेच श्मिट पुढं गूगलचे प्रमुख झाले. भाषेचे नियम एका वेगळ्या लिपीत मांडायचे, आणि टूल तुम्हाला पार्सरचा तयार कोड काढून देतं. त्या काळात मशिनची मेमरी चिमूटभर होती, तेव्हा ही मोठीच सोय होती. मुलाला परीक्षेत याचे तक्ते, म्हणजे पुढं कोणता शब्द आला की काय करायचं याची कोष्टकं, काढून पैकीच्या पैकी गुण होते. आठ दिवस तो बसला.

टूलनं पहिल्याच दिवशी कॉन्फ्लिक्ट दाखवला, आणि तो खरा होता. 'सव्वा'नंतर 'तीन' आलं तर ते सव्वातीन धरायचं, की सव्वा इथं संपलं आणि तीन हे पुढच्या कशाचं तरी? दिवाणजी स्वल्पविराम देत नाहीत, म्हणून हा पेच. टूल असं आधीच कान धरून सांगतं, हा त्याचा गुण मी मान्य करतो. पण आठव्या दिवशी जे उभं राहिलं ते काही चुकलं की दोनच शब्द बोलायचं: 'सिंटॅक्स एरर', म्हणजे मांडणी चुकली. दिवाणजींनी ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे मला शिव्या देतंय का?"

त्या रविवारी मी गाळ्यात एकटा बसलो आणि सगळं साध्या पायथनमध्ये लिहून काढलं. ज्या भाषेत पट्टीचा हिशेब लिहिलाय त्याच भाषेत, वेगळी लिपी नाही, टूल नाही. व्याकरणाच्या एका नियमाला एक फंक्शन, म्हणजे हाक मारली की आपलं काम करून उत्तर देणारा प्रोग्रामचा तुकडा, बस. पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव चालतं, म्हणून नावंही 'रक्कम', 'अंक', 'पट' अशीच ठेवली.

'पावणेतीन हजार' घ्या. 'रक्कम' पहिला तुकडा बघतं: पावणे. पावणे म्हणजे पुढं येईल त्यातून पाव वजा. पुढं काय आहे हे कळायला ते 'अंक' या फंक्शनला हाक मारतं. 'अंक' तीन उचलतं आणि ३ परत देतं. पाव गेला, उरले पावणेतीन. मग 'पट' बघतं की पुढं शे, हजार, लाख यांपैकी काही आहे का. हजार आहे. २,७५०. तुम्ही-आम्ही ज्या क्रमानं मनात वाचतो त्याच क्रमानं.

आणि मग मराठीची खरी गंमत कळते. दीड आणि अडीच यांना पुढं अंक लागत नाही. साडे तीनापासून पुढंच चालतं, पावणे दोनापासून. पाऊण एकटंच उभं राहतं, पण शे लागलं की पाऊणशे, म्हणजे पंचाहत्तर. सव्वा दोन्हीकडचं, सव्वाशेही चालतं आणि सव्वातीनशेही. हे नियम आपल्याला कुणी शिकवलेले नाहीत, आजीच्या तोंडून आलेत. ते लिहून काढताना मी पहिल्यांदा मोजले.

आता कुणी 'साडेदोन' लिहिलं तर 'साडे'चं फंक्शन नेमकं त्या जागेवर उभं असतं. साडेनंतर दोन आलंय हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते सरळ विचारतं: "साडेदोन नाही, अडीच म्हणायचंय का?" ही एक ओळ मी लिहिली आणि दिवाणजींचं यंत्राशी भांडण मिटलं. 'दर साडेतेरा'चंही तसंच. हळद साडेतेरा रुपये क्विंटल कोण देईल? 'दर'च्या फंक्शनमध्ये एक अट घातली, शंभराच्या आतला दर हजारांत धर. पण 'उचल पाच' आलं तर यंत्र अंदाज करत नाही, पाचशे की पाच हजार ते विचारतं. अडीचशेचा धडा माझ्या लक्षात आहे. सगळं मिळून १४० ओळी झाल्या. याकमध्ये हे जमलंच नसतं असं नाही. पण जो नियम मला तोंडानं सांगता येत होता, तो तिथं टूलच्या गळी उतरवताना नाकी नऊ येत होते.

मला वाटलं होतं आपण केलं ते गावठी. मग शोधलं तर मोठी मंडळीही याच वाटेनं गेलेली. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरनं सी प्लस प्लस या भाषेसाठी बायसन या याकच्या भावंडाचा पार्सर सोडून हातानं लिहिलेला घेतला तो ३.४ या आवृत्तीत, २००४ साली, आणि मग सी साठीही ४.१ मध्ये. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा पार्सर पहिल्यापासून हातचा. गो भाषेच्या कंपायलरनं २०१६ मध्ये, १.६ या आवृत्तीत, याकला निरोप दिला. हॅस्केल भाषेवाले तर वेगळंच करतात: छोटे छोटे पार्सर लिहायचे आणि 'हा नाहीतर तो', 'याच्यामागून तो' असे एकमेकांना जोडत मोठा करायचा. त्यासाठीचा डान लायेन यांचा पार्सेक हा तयार संच २००१ पासून याच पद्धतीचा आहे. तिथं व्याकरण आणि प्रोग्राम यांत फरकच उरत नाही. माझ्या दुसऱ्या पोरानं आमची 'रक्कम' तशी लिहून दाखवली, ती ६० ओळींत बसली. मला वाचायला जड जाते, त्याला नाही. वय.

हातानं लिहिण्यात खड्डे आहेतच. 'बेरीज म्हणजे बेरीज अधिक संख्या' हा पुस्तकातला नियम तसाच्या तसा फंक्शनमध्ये उतरवला, की ते काहीही न वाचता आधी स्वतःलाच हाक मारतं, मग पुन्हा स्वतःलाच. पायथन साधारण हजार हाकांनंतर हात टेकतं. आमच्या पोराचं अख्खं दुपारचं जेवण त्यात गेलं. आणि गुणाकार आधी की बेरीज आधी, हे सांभाळायला व्हॉन प्रॅट यांची १९७३ ची युक्ती कामाला येते. ती वर्गात कुणी सांगितल्याचं आमच्याकडे आलेल्या एकाही मुलाला आठवत नाही.

जाता जाता एक. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा, असा नासाच्या नावाचा निरोप आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो. मी तो पुढं पाठवत नाही. पण १९६७ साली इंगरमन नावाच्या गृहस्थांनी संगणकशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकाला पत्र लिहिलं, की प्रोग्रामिंग भाषांचे नियम मांडण्याच्या पद्धतीला पाणिनी-बॅकस फॉर्म म्हणावं, कारण तशी मांडणी पाणिनीनं कितीतरी आधी केली होती. तेही संपादकांना लिहिलेलं वाचकाचं पत्रच होतं. सूचना कुणी मानली नाही ही गोष्ट वेगळी.

तेव्हा विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. विषय काढू नका. तक्ते ठेवायचे तर ठेवा, पण शेवटी ठेवा. पहिली चार प्रात्यक्षिकं टूलला हात न लावता करू द्या, मुलाला पायथन येत असेल तर पायथनमध्ये, जावा येत असेल तर जावामध्ये. दुसऱ्या देशाच्या पुस्तकातलं कॅल्क्युलेटरचं उदाहरण देऊ नका. ते मुलं बघून उतरवतात, आणि आता तर बघायचीही गरज राहिली नाही. मराठी रक्कम वाचून दाखवा म्हणा. तोंडी परीक्षेत 'पाऊणशे' विचारा. 'एक लाख साडेबारा हजार' विचारा, आणि 'साडेदोन'वर तुझा प्रोग्राम काय बोलतो ते दाखव म्हणा. नुसतं 'सिंटॅक्स एरर' म्हणाला तर निम्मे गुण.

आमच्या गाळ्यात नोकरीला येणाऱ्याला मी हल्ली हेच देतो. मागच्या खेपेला आलेल्या मुलीनं दोन तास मागून घेतले आणि पहिली पंधरा मिनिटं बाहेर जाऊन आजीला फोन केला. तिला घेतलं.

सध्या तिच्यापुढं एकच काम अडलंय. दिवाणजी हंगामाच्या सुरुवातीला लिहितात, "उद्या दहाबारा पोती येतील". ते दहा ते बारा असं बसवलं. मग परवा त्यांनी लिहिलं "पाचपन्नास पोती". किती धरायची, हे त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी बराच विचार केला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "धरू नका. माल आला की मोजू."

आपला,
अडत पेठेतला एक प्रोग्रामर, सांगली
(नाव छापू नये. अडीचशेचं प्रकरण दुकानदार अजून विसरलेले नाहीत.)