एक तृतीयांश विमान

विचिटा, कॅन्सस
रविवार, ९ मार्च २०२५

ती. बाबांस आणि ती. आईस शि. सा. नमस्कार.

आज पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे झाली. त्यामुळे तुमची झोपायची वेळ आणि माझी फोनची वेळ यांचं गणित पुन्हा बिघडणार. म्हणून हे पत्र. आणि खरं सांगायचं तर हे सगळं फोनवर सांगायला मला जमलंही नसतं.

मामांच्या धाकट्याने दाखवलेला फोटो खरा आहे. ते विमान माझं आहे. म्हणजे पुरतं नाही, एक तृतीयांश. उरलेले दोन हिस्से एका निवृत्त गणिताच्या मास्तरांचे आणि एका गव्हाच्या शेतकऱ्याचे. गेली अडीच वर्षं आम्ही तिघं ते चालवतो आणि मी तुम्हाला एका शब्दाने बोलले नाही. चूक माझीच. लायसन काढलं ते सांगितलं होतं, तेव्हा आईने आठवडाभर जेवताना माझं नाव काढलं नाही असं तुम्हीच म्हणालात ना? पुढचं सांगायची हिंमत झाली नाही.

आई फोनवर म्हणाली, "तुझ्याहून म्हातारं विमान घेतलंस!" ते मला झेलता आलं. बाबा, तुम्ही मात्र नुसतं "हं" म्हणालात. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं एसटीची इंजिनं उघडून जोडणारा माणूस नुसतं "हं" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं. त्या "हं"साठीच हे लांबलचक उत्तर आहे.

विमान सेस्ना १७२, बनावट १९६८ ची. बनलं इथेच, विचिटात. या जातीची विमानं १९५६ पासून विकली जातायत आणि आजवर ४४,००० हून अधिक बनली आहेत. दुसऱ्या कुठल्याही विमानाची एवढी संख्या नाही. मग नवं का नाही घेतलं? नवं आज चार लाख डॉलरच्या वर जातं, म्हणजे साडेतीन कोटी रुपये. माझा हिस्सा चोवीस हजार डॉलरचा, बऱ्यापैकी मोटारीएवढा. शिवाय मधल्या काळात नवी मिळतच नव्हती. अपघातानंतर कंपनीवर होणारे खटले आणि विम्याचा खर्च इतका वाढला की सेस्नाने १९८६ मध्ये छोटी विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये कायदा आला की विमान अठरा वर्षांहून जुनं झालं की बनवणाऱ्यावर साधारणपणे दावा लावता येणार नाही, तेव्हा कुठे १९९६ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. म्हणून आमच्या विमानतळावर उभी असलेली बहुतेक विमानं माझ्याहून मोठी आहेत. आमचं त्यात काही विशेष म्हातारं नाही.

आता इंजिन. बाबा, हे तुम्हाला आवडेल. चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे आडवे, हवेने थंड होणारे. सव्वापाच लिटरचं इंजिन आणि ताकद फक्त १५० घोड्यांची! तुम्ही हसाल, पण मुद्दामच तसं आहे. मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या वर ते जात नाही, नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) सरळ क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसवलेला, मध्ये गिअरबॉक्स नाही. पेट्रोल विमानाच्या दोन पंखांमधल्या टाक्यांतून आपोआप खाली उतरतं, आपल्या चेतकसारखं, पंपाची भानगडच नाही. आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरून ठिणगीची वीज स्वतःच बनवतो. बॅटरी पूर्ण मेली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. एक मॅग्नेटो गेला तर फेऱ्या थोड्या पडतात, इंजिन चालू राहतं. प्रत्येक उड्डाणाआधी १७०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचा, किती पडतात ते. पेट्रोल निळ्या रंगाचं असतं आणि त्यात अजून शिसं आहे. ते शिसं खालच्या प्लगांमध्ये बारीक मण्यांसारखं साचतं. मी ते टोच्याने काढत बसते तेव्हा तुमची आठवण येते.

हो, मी काढते. इथल्या कायद्यात विमानाच्या मालकाला, तो वैमानिक असेल तर, काही कामं स्वतः करायची मुभा आहे: तेल बदलणं, प्लग साफ करणं, टायर, बॅटरी, बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची सेफ्टी वायर. केलं की वहीत लिहायचं, खाली सही आणि लायसनचा नंबर. बाकीचं काम परवानाधारक मेकॅनिकचं. पण विमान उडायच्या लायकीचं आहे की नाही याची पहिली जबाबदारी कायद्याने मालकाचीच. मेकॅनिकवर ढकलता येत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

तेल आम्ही पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलतो, जे आधी येईल ते. फिल्टर कापायचा, आतला घड्या घातलेला कागद उलगडून उजेडात धरायचा आणि चकाकणारं काही दिसतंय का बघायचं. मग लोहचुंबक फिरवायचं. तुम्ही तेल दोन बोटांत चोळून बघायचात, तेच.

वही म्हटलं की आई आठवते. विमानाच्या वह्या असतात: सांगाड्याची वेगळी, इंजिनाची वेगळी, १९६८ पासूनची प्रत्येक नोंद. कोणत्या तारखेला कोणता नळ बदलला, कोणी, किती तासांवर. आई, तुझ्या दुधाच्या आणि वाण्याच्या वह्या बघून आम्ही हसायचो ना? आता मी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेल्या सहा वह्या अग्निरोधक पेटीत ठेवते. हे घेण्याआधी आम्ही दुसरं एक पाहिलं होतं. रंग नुकता मारलेला, आतल्या खुर्च्यांना कातडं, बघत राहावं असं. पण पहिल्या दोन वह्या "घर बदलताना हरवल्या". बाबा, तुम्ही सेकंडहँड गाडी बघताना रंगाला कधी हात लावायचा नाहीत, थेट खाली वाकायचात. मी वाकले. पोटाखालच्या पत्र्यावर पांढरी पूड होती, गंजायला लागलेल्या ॲल्युमिनियमची. परत आलो. मास्तर आठवडाभर हळहळत होते.

दर बारा महिन्यांनी विमान पूर्ण उघडायचं, त्याला इथे ॲन्युअल म्हणतात. तपासून सही करायचा अधिकार फक्त खास परवाना असलेल्या मेकॅनिकला. आमचा मेकॅनिक सत्तरीतला आहे, फार बोलत नाही, दिवसभर काळी कॉफी पितो. झाकणं, खुर्च्या, जमिनीचे पत्रे काढण्याची हमाली आम्ही करतो, तपासणी तो करतो. मागच्या वर्षी कॉम्प्रेशन बघताना तिसरा सिलिंडर पडलेला निघाला. आई, हे तुझ्या कुकरसारखं असतं. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा भरायची आणि किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर बघायचं. सत्तरच्या वर असेल तर मजेत. आमचा आला ५४. मग कान लावायचा, शिट्टी होत नसली की तू लावतेस तसा, वाफ कुठून निसटतेय ते ऐकायला. तेलाच्या तोंडातून फुसफुसलं तर पिस्टनच्या रिंगा, कार्बोरेटरकडून आलं तर आत घेणारा व्हॉल्व्ह, धुराड्यातून आलं तर बाहेर सोडणारा. आमचं धुराड्यातून येत होतं. आत बारीक कॅमेरा घातला तर व्हॉल्व्हची कड एका बाजूने भाजलेली, उतू गेलेल्या दुधाच्या डागासारखी. नुसता तो सिलिंडर काढून दुरुस्तीला पाठवला. सात आठवडे विमान एका सिलिंडरशिवाय उभं, बिल १९०० डॉलर, भागिले तीन.

उड्डाणात काही जाणवलं होतं का? काहीही नाही. त्याबद्दल मी बराच विचार केला.

खुर्चीची गोष्ट सांगते, कारण आई जे विचारणार ते यातच आहे. या विमानात पुढच्या खुर्च्या रुळांवर सरकतात आणि रुळातल्या भोकात खिळा बसून अडकतात. वर्षानुवर्षं वापरून ती भोकं लांबट होतात, खिळ्याचं टोक झिजतं. उड्डाण करताना विमानाचं नाक वर झालं की खुर्ची सटकून मागे जाते आणि वैमानिक घाबरून समोरचं सुकाणू धरतो, ते मागे ओढलं जातं, म्हणजे नाक आणखी वर. यात माणसं गेली आहेत. म्हणून १९८७ मध्ये सरकारी विमान खात्याने हुकूम काढला: हे रूळ, खिळे आणि खुर्चीची चाकं ठरावीक काळाने मोजून तपासायची. आजही दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा तपासावी लागतात. असे हुकूम आमच्या विमानावर कित्येक आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे कुठेतरी काहीतरी घडलेलं असतं. नव्या जातीच्या विमानाचे दोष अजून कोणाला ठाऊक नसतात. याचे बहुतेक कोणी ना कोणी आधीच शोधून ठेवलेत. मी पट्टा बांधला की दोन्ही हातांनी धरून खुर्ची मागे-पुढे हलवते, मगच चावी. हे लिहून धोका संपत नाही, आई. मला तसं म्हणायचंही नाही.

"इंजिन बंद पडलं तर?" हा तुझा पुढचा प्रश्न. विमान दगडासारखं पडत नाही. किलोमीटरभर उंचीवर असलं तर आठ-नऊ किलोमीटर तरंगत जातं, आणि खाली कॅन्सस आहे: सपाट शेतं आणि मैलामैलावर आखल्यासारखे सरळ रस्ते. दर थोड्या वेळाने मी मनात एक शेत निवडून ठेवते. शेतकरी भागीदार म्हणतो, "फक्त माझ्या गव्हात उतरू नकोस."

बाबा, एक गोष्ट शिकले ती मजेशीर आहे. ही इंजिनं उडवून लवकर खराब होत नाहीत, उभी ठेवून होतात. आमच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर आहे, क्रँकशाफ्टच्याही वर. विमान महिनाभर उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं, दमट हवा लागते आणि गंजाचे ठिपके धरतात. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की तो गंज कानशीसारखा घासतो. नुसतं जमिनीवर चालू करून पाच मिनिटांनी बंद करणं तर त्याहून वाईट, कारण तेल नीट तापत नाही आणि आत उलट पाणी धरतं. म्हणून आठवड्याला निदान एकदा तासभर उडवायचं असा आमचा नियम आहे. (तुमचं संध्याकाळचं चालणं बंद झाल्याचं आईकडून कळलं. हे त्याबद्दल नाही. तरी.)

उभ्या विमानावर डोळा ठेवून असणारे आणखी आहेत. कुंभारीण माशी वेग मोजायच्या नळीत आणि टाकीच्या हवेच्या भोकात मातीचं घर बांधते. वसंतात साळुंकीच्या जातीचे पक्षी इंजिनावर घरटं घालतात. सकाळी उडून आलो, जेवून परत आलो तर पुढच्या भोकातून गवत लोंबत होतं. दोन तास! घर बांधायला आपल्याला पुण्यात चार वर्षं लागली होती.

बाबा, तुम्हीच सांगायचात ना, १९८२ मध्ये जेआरडी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कराची ते मुंबई एकटे उडून आले, पन्नास वर्षांपूर्वीचं उड्डाण पुन्हा करायला, लेपर्ड मॉथ नावाच्या जुन्या विमानातून? लोक त्यांच्या वयाबद्दल बोलत होते आणि तुम्ही म्हणायचात, "ते इंजिन कोणी तयार केलं ते कुणी छापत नाही." ते वाक्य माझ्या लक्षात राहिलंय. कदाचित त्या वाक्यापायीच मी या हँगरमध्ये, विमान ठेवायच्या शेडमध्ये आहे.

तर आता कामाचं. तुम्ही २२ एप्रिलला येताय आणि यंदाचं ॲन्युअल मी मुद्दाम मेच्या पहिल्या आठवड्यात घेतलंय. मेकॅनिकला विचारलं: माझे वडील निवृत्त फिटर आहेत, त्यांनी हात लावला तर चालेल का? म्हणाला, मी समोर असेन तोवर कायद्याला हरकत नाही, पण आधी मला त्यांचे हात बघू दे. येताना तुमचा तो दाताच्या डॉक्टरांकडचा आरसा आणा, लांब दांडीचा, मॅनिफोल्डच्या मागे बघायला वापरायचात तो. माझ्याकडे नवा आहे, त्याची मान दोनदा ढिली झाली. सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या नको.

आणि आई, तू नुसती हँगरमध्ये खुर्ची टाकून बस. पंखांवरची झाकणं बंद करताना निघालेले आणि लागलेले स्क्रू जुळतात का, हे मोजायला तुझ्यासारखं माणूस आम्हा तिघांत नाही. विमानात बसायचं की नाही ते तू ठरव, मी शब्दाने आग्रह करणार नाही. फक्त तुझं वजन कळव. खरं. रिकामं विमान ६१२ किलोचं, भरून १०४३ च्या वर न्यायचं नाही, टाक्या भरल्या की १०३ त्यातच गेले. कोण कुठे बसणार हे कागदावर मांडल्याशिवाय मला चाक हलवता येत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांना सांगितलंस ते आकडे नकोत. चपला घालून, पर्स हातात धरून काट्यावर उभी राहा, आणि काटा बाबांना वाचू दे.

तुमची,
बाळी