नकाशावर पुराची उंची दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ही पातळी 57 फुटांच्या वर गेली. एवढे सोसूनही आज आपल्याकडे उभ्या राहणाऱ्या इमारतींचे नकाशे पाहिले, तर ती जागा नदीकाठची आहे की माळावरची, हे त्यांवरून सहसा कळत नाही. प्लॉटची लांबी-रुंदी, रस्त्याची रुंदी, सोडायची मोकळी जागा आणि चटई क्षेत्र यांवर सगळे ठरते. जमिनीची पातळी, माती आणि पाण्याची वाट यांचा विचार राहूनच जातो.

आमच्या अपार्टमेंटचे उदाहरण देतो. तळमजल्यावर पार्किंग आहे आणि त्याच भिंतीवर, जेमतेम कमरेच्या उंचीला, सर्व सदनिकांचे वीजमीटर होते. 2019 मध्ये ते बुडाले. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ माणसाच्या डोक्याच्याही वर उमटलेली होती आणि त्या रेघेच्या खाली, जुन्याच खुणांवर, नवे मीटर बसवले गेले. 2021 च्या जुलैमध्ये तेही बुडाले. मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टची यंत्रणा वर घेण्याची तरतूद मूळ आराखड्यातच असती, तर तो खर्च किरकोळ होता. नंतर मात्र प्रत्येक फेरबदलासाठी वीस कुटुंबांची संमती गोळा करावी लागते.

गावभागातल्या जुन्या वाड्यांनाही पूर चुकला नाही, पण घडीव दगडाचे उंच जोते आणि चार-पाच पायऱ्या यांमुळे लहान पुरांत पाणी उंबऱ्याच्या बाहेर राहत असे. आता जोते उंच करण्याऐवजी अख्ख्या प्लॉटवर मुरमाचा भराव टाकला जातो. त्यामुळे त्या मालकाचे अंगण कोरडे राहते, पण ओघळ अडतो आणि शेजारच्या बैठ्या घरात साध्या वळवाचे पाणीही शिरते. इमारत खांबांवर उचलली आणि खालची जमीन होती तशी ठेवली, तर पाण्याला वाट राहते. मात्र मोकळ्या तळमजल्याचे खांब भूकंपात सर्वांत आधी दगा देतात, आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्या पट्ट्यातलाच आहे. म्हणून तिथे काँक्रीटच्या जाड भिंतींचा आधार देणे, आणि त्या पाण्याच्या ओघाला आडव्या येणार नाहीत हे पाहणे, ही दोन्ही कामे डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने एकत्रच करायला हवीत.

मातीचेही तेच. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि घरमालक गवंड्याला दोष देतो. खरे तर पाया खालच्या घट्ट थरापर्यंत नेणे किंवा रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले, बुडाशी फुगीर असणारे पाईल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, वापरणे, हे उपाय अभियंत्यांना पूर्ण ठाऊक आहेत. त्यासाठी आधी खड्डा खणून माती तपासावी लागते, आणि घरावर लाखो रुपये घालणारी माणसे नेमकी तिथेच हात आखडतात, याचे मला फार वाईट वाटते.

व्यापारी इमारतींबद्दल थोडेच लिहितो. दुपारनंतरचे ऊन आणि मोसमी पावसाचा झोत, दोन्ही मुख्यतः पश्चिमेकडून येतात. तरीही रस्ता पश्चिमेला असला की तीच बाजू पूर्ण काचेची केली जाते. मावळतीचे तिरपे ऊन नुसत्या छज्जाने अडत नाही, त्याला उभे आडोसे, खोल ओसरी किंवा झाडे लागतात. नदीकाठच्या बाजारपेठेत दुकानांची गोदामे तळघरात असू नयेत, हे तर 2019 नंतर वेगळे सांगायलाच नको होते.

माझी मागणी एकच आहे. नदीकाठच्या बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या निळी आणि लाल पूररेषा कागदावर आहेत, पण त्यांवरून आपल्या दारात पाणी किती फूट चढेल, हे घर बांधणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक बांधकाम परवानगीच्या नकाशावर त्या प्लॉटवरील 2019 ची पूरपातळी, लगतच्या रस्त्याची पातळी आणि नियोजित जोत्याची पातळी एकाच छेदचित्रात दाखवणे बंधनकारक करावे आणि वीजमीटरची जागा त्या रेघेच्या वर असल्याशिवाय परवानगी देऊ नये.

हे काम लवकर व्हायला हवे, कारण भिंतींवरच्या त्या खुणा नाहीशा होत आहेत. आमच्या जिन्यातली रेघ गेल्या दिवाळीच्या रंगकामात पुसली गेली. ज्या घरांवर ती अजून शिल्लक आहे, तिथली उंची महापालिकेने या पावसाळ्याआधी प्रभागवार मोजून घ्यावी.

आपला,
एक वाचक, सांगली