अर्धा बास तुझा

सांगली
दि. ९ सप्टेंबर २०२५

प्रिय दिल्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. मुंजीला आलो नाही, फोन केला नाही, वहिनींनी पाठवलेल्या फोटोंना नुसते अंगठे दाखवले. सगळं कबूल. आज लिहितोय तेही आठवण दाटून आली वगैरे म्हणून नाही. आपल्या दोघांच्या बास गिटारच्या पिकपचा, म्हणजे तारांखालच्या त्या चुंबकाच्या डबीचा, एक स्क्रू काढला आणि आत तू सापडलास.

तब्येत ठीक. शुगर उपाशीपोटी १४०, जेवणानंतरची विचारू नकोस.

तर बास. गेल्या दिवाळीत चिनूनं तो माळ्यावरून खाली काढला आणि आता तो तिचाच झालाय. आई अजून तेच म्हणते, "बास म्हणजे बास, ठेव आता." पंचवीस वर्षं झाली, तिला हा विनोद पुरून उरलाय. गणपतीत पोरांचा कार्यक्रम होता. तालमीत ए च्या तारेवर सी वाजवला की खर्र्. बाकी सगळे सूर साफ. केबल बदलली, अँप्लिफायर बदलून बघितला, तुझ्या पद्धतीनं अँपच्या टाळक्यात एक चापटही दिली. शेवटी चिनूच म्हणाली, "बाबा, तारा जिथं अडकतात त्या ब्रिजजवळच्या पिकपवर अंगठा दाबला की थांबतंय." दाबला, थांबलं. सोडला, खर्र्. पिकप हलत होता आणि नेमका त्या एका सुराला थरथरत होता.

रात्री जेवणं झाल्यावर तारा सैल करून बाजूला घेतल्या आणि पिकपचे चार स्क्रू खोलायला बसलो. तीन नुसते गरगर फिरत होते. लाकडातले आटे पार गेलेले. बोटानं उचलले तरी वर आले. पिकपखालच्या फोमचं पीठ झालं होतं, बोटाला काळं चिकटलं ते दोन दिवस निघालं नाही. चौथा स्क्रू मात्र घट्ट. जोर लावून काढला तर टोकाला लाल भुकटी. गंज असेल म्हणून चष्मा पुसला, मोबाइलचा उजेड भोकात मारला. आत काडेपेटीची काडी. गुलासकट! दिल्या, भोक भरायला गूल न खुडता काडी खुपसणारा माणूस उभ्या सांगली जिल्ह्यात एकच होता आणि तो आता नाशकात स्लॅब टाकतोय.

आता माझी झोप का उडाली ते सांगतो. ही काडी तू कधी घातलीस? इस्लामपूरच्या आधी की नंतर?

नंतर घातली असशील, तर त्या रात्री टेम्पोतून बास पडल्यावर "कुठं काय झालंय, आहे तस्सा आहे" म्हणून छाती काढून उभा होतास तो कोण होता? आणि आधीच घातली असशील, तर पिकप पडण्याआधीपासूनच सैल होता. मग २००३ पासून मी प्रत्येक पंगतीत, प्रत्येक लग्नात, अगदी तुझ्या सासऱ्यांनासुद्धा "दिल्यानं बास पाडला आणि त्याचा आवाज गेला" हे सांगत आलो, त्याचं काय करू? बावीस वर्षांचं घासून गुळगुळीत झालेलं भांडण आहे ते. मला त्याची सवय झालीय.

मी तपासही केला. काडी न जळलेली. सिगरेट तू २००२ च्या दिवाळीत सोडलीस, पैजेचे पन्नास रुपये मी दिलेत, अजून सलतात. म्हणजे काडेपेटी तुझ्या खिशात असायचं कारण नाही. पण पप्या स्टेजवर उदबत्ती लावायचा आणि काडेपेटी कीबोर्डच्या स्टँडवर ठेवायचा. म्हणजे आधी किंवा नंतर. चांगला तपास केला!

बरं, पिकप सैल होतो कशानं? पडून होतो तसा अंगठ्यानंही होतो. रोज त्याच्यावर अंगठा टेकवून वाजवायचं म्हणजे रोज थोडं थोडं डुलवायचंच. आणि ब्रिजच्या पिकपवर अंगठा कुणाचा असायचा? मी पुढच्या पिकपवाला, पंचमकडच्या टोनी वाझचा भक्त, गोल आणि जाड आवाजाचा. तू अमेरिकेतल्या बासवाल्या जाको पास्टोरियसचा. ब्रिजला चिकटून टकटक. जाकोनं म्हणे आपल्या ६२ च्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, उपटले आणि फ्रेटबोर्डवर बोटीचं इपॉक्सी लावलं, म्हणून तूही पक्कड घेऊन बसला होतास. आपला बास जॅझ बासच्या नकलेची नक्कल, तोही कोल्हापूरच्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून साडेआठ हजारांत घेतलेला. मी पक्कड लपवली नसती तर आज खाचा भरत बसलो असतो. तेव्हा टेम्पोचा गुन्हा मी मागे घेतोही, पण अंगठ्याचा तुझ्यावरच.

भोकं बुजवायला मीही काड्याच घेणार होतो, फेव्हिकॉलमध्ये बुडवून. मग म्हटलं, मिरजेजवळ राहून हे शोभत नाही. सतारमेकर गल्लीत गेलो. वाटेत विसर्जनाच्या कमानी उतरवत होते, रिक्षा गल्लीबोळातून फिरवली. तुझ्या वेळचं दुकान बंद झालंय, पण पलीकडच्या चाचांनी बास मांडीवर घेतला आणि आधी उलटा करून ठोकला, भोपळा ठोकतात तसा. मग वाजवून दाखव म्हणाले. खर्र् ऐकून हसले. "आम्ही ही जवारी, तारेची झणझण, आणायला दिवस दिवस घासतो, तुम्ही घालवायला आलात!" गेल्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा कागद दाखवला, चहा पाजला, आणि माझ्या काडीच्या बेताला मात्र नाक मुरडलं. काडीचं लाकूड मऊ, चुरा होतो. त्यांनी भोकं थोडी मोठी करून गोल केली, सागवानाच्या छोट्या खुंट्या सरस लावून ठोकल्या. खुंटी कापताना रेषा आडव्या येतील अशी कापली. स्क्रू रेषांच्या तोंडात गेला की नीट धरत नाही, आडवा गेला की धरतो. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी स्क्रूहून बारीक भोक पाडलं, स्क्रू अंघोळीच्या साबणावर फिरवला आणि हातानंच, दाबून न देता, बसवला.

चौथ्या भोकाला मात्र हात लावला नाही. काडी बघून चाचांनी विचारलं, "हे कुठल्या मिस्त्रीचं काम?" मी म्हटलं, आमचा एक आहे. "पक्कं बसलंय, कशाला उकरायचं?" म्हणाले. बावीस वर्षं, दिल्या, आणि सागवानही नाही!

फोमच्या जागी पेनातल्या स्प्रिंगा घालून बघितल्या, पिकप पाळण्यासारखा डुलायला लागला. शेवटी माझ्या जुन्या स्लिपरचा टाचेकडचा तुकडा कापून घातला, झकास. उंची लावताना शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि पिकप व तारेत तीनेक मिलीमीटर ठेवायचे, बारीक तारांकडे थोडे कमी. फार वर आणला तर चुंबक तारेला खेचतो, सूर डळमळतो. पट्टी सापडेना म्हणून रुपयाची दोन नाणी घेतली, मापात बरोबर बसतात. पण नाणी पिकपला जाऊन अशी चिकटली की काढताना चिनूची नखं कामाला आली.

आता खरं सांगायचं तर या बासला भोक पाडण्याआधी तुला विचारायला हवं होतं. ४,२५० तुझे आहेत त्यात. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू काड्याच घाल म्हणाला असतास.

तुझ्या स्लॅबचं काय झालं? पाऊस थांबल्यावरच टाक. वहिनींची गुडघेदुखी कशी आहे? निखिलनं नोकरी बदलली म्हणे, चांगलं झालं. चिनूला अकरा हजारांचा नवा बास हवाय, मी ऐकू येत नसल्यासारखं करतोय.

चाचांनी तीन भोकांचे दोनशे घेतले. त्यातले तुझे शंभर. इस्लामपूरच्या डिझेलचे साठ मी तुला अजून देणं आहे, ते वजा जाता चाळीस. पाठवताना सोबत एवढंच लिही, आधी की नंतर.

तुझा,
सुन्या

ता. क. – सी वरचं खर्र् गेलं. आता डी वर येतंय. स्टँडचा नट असेल असं चिनू म्हणते.