बाजारातले रानडुक्कर नकली कसे?

रविवारच्या पुरवणीतील फ्लॉरेन्सवरच्या प्रवासलेखात मेर्कातो नुओवो बाजारातील ‘पोर्चेलिनो’ हे ब्राँझचे रानडुक्कर ‘निव्वळ नक्कल’ म्हणून वगळावे, असा सल्ला आहे. तो पटला नाही. नक्कल आहे हे खरे. शिल्पकार पिएत्रो ताक्का याने सतराव्या शतकात ओतलेली मूर्ती आता बार्दिनी संग्रहालयात असून, बाजारात १९९८ पासून तिची प्रत आहे. पण ताक्काची मूर्ती तरी स्वतंत्र कुठे होती? ती फ्लॉरेन्सच्याच उफिझी संग्रहालयातील संगमरवरी रानडुकरावरून घडवलेली, आणि ते संगमरवरी शिल्पही मूळ ग्रीक शिल्पाची रोमन प्रतिकृती! लेखकमहाशयांचा निकष लावला, तर संग्रहालयांतली दोन्ही डुकरेही वगळावी लागतील. शिवाय नक्कलही कामाची असते: सिडनीत याच शिल्पाची प्रत १९६८ पासून सिडनी हॉस्पिटलसमोर उभी आहे आणि तिथे लोक टाकतात ती नाणी रुग्णालयाच्या उपयोगी येतात. फ्लॉरेन्सच्या बाजारात येणारा-जाणारा या रानडुकराच्या नाकाडावरून हात फिरवतो, म्हणून तेवढा भाग सोन्यासारखा लखलखतो. संग्रहालयात हे सुख नाही. वेळ असल्यास फ्लॉरेन्समधली तिन्ही पाहावीत. नसल्यास बाजारातले चुकवू नये.

– एक वाचक, ठाणे